भूमिगत धबधबा म्हणावं का?

दुभाष्या: चुनखडीतल्या गुहांवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'भूमिगत धबधबा' लिहिलं, तर संपादकबाईंचा शेरा आला, "भूमिगत म्हणजे पोलिसांना चुकवून लपलेला. धबधबा कशाला लपेल?" दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती: 'गुहाप्रपात'. संस्कृत धातू प्र + पत्, म्हणजे खाली पडणे. धबधबा हा नुसता आवाज आहे.

खडकू: आवाजच तर हवा! अंधारात पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. 'प्रपात' म्हटलं की मला सरकारी पाटी आठवते.

तळटीप: आधी वस्तू कोणती ते ठरवा. अमेरिकेतल्या टेनेसीतला रूबी फॉल्स हा धबधबा १९२८ साली सापडला, तोही लिफ्टसाठी डोंगरात शाफ्ट, म्हणजे उभा बोगदा, खणताना एक अनोळखी फट लागली म्हणून. उंची ४४ मीटर, आणि तोवर कोणाला पत्ता नव्हता. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या गेपिंग गिल या विवराचं उलटं. ओढा उघड्यावर वाहत येतो आणि विवरातून सुमारे १०० मीटर खाली कोसळतो. मार्तेल नावाचा फ्रेंच गुहाशोधक १८९५ साली दोरशिडीने त्यात उतरला होता. पहिला भूमिगत खराच, दुसरा भूमीत गडप होणारा. दोघांना एकच शब्द?

शुद्धमती: म्हणूनच गुहा वेगळी, विवर वेगळं. 'गुह्' म्हणजे लपवणे, 'वि + वृ' म्हणजे उघडणे.

खडकू: वाचकाला धातू पाठ नसतात हो. आणि स्वित्झर्लंडच्या ट्रुमेलबाखचं काय करणार? हिमनद्यांचं पाणी कडा आतून कापत दहा टप्प्यांत उतरतं. ती ना धड गुहा, ना विवर. सरळ 'डोंगराच्या पोटातला धबधबा' लिहा.

दुभाष्या: शीर्षकात मावत नाही. शिवाय लेखात पुढे खाणीही आहेत.

कुदळ: खाणीत कसला धबधबा! शाफ्ट खणताना पाण्याचा थर फुटला की भिंतींतून धारा सुटतात. पन्हळ बसवून त्या गोळा करायच्या आणि पंपाने उपसायच्या. पाणी 'लागलं' म्हणायचं, झालं.

तळटीप: पन्हळीतून पडते तीच पागोळी ना?

शुद्धमती: छे! पागोळी वळचणीची. पन्हळ नसते तेव्हाच पडते.

खडकू: मग गुहेच्या छतातून ठिबकते तीही पागोळी म्हणा की.

कुदळ: पागोळीखाली जमिनीला खळगा पडतो. गुहेत थेंबाखाली चुना साचून लवणस्तंभ वर येतो.

तळटीप: त्यात लवण कुठे असतं? चुनाच की सगळा.

शुद्धमती: रसायनशास्त्रात लवण म्हणजे फक्त मीठ नव्हे. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहिते.