मदत हवी आहे: घड्याळ सरळ टांगलं की बंद पडतं
मंडळी, आजोबांचं लंबकाचं घड्याळ माळ्यावरून काढलंय. ८ दिवसांची चावी, तबकडीवर दोन भोकं, एक चालायचं, दुसरं ठोक्यांचं. यंत्र रॉकेलमध्ये धुऊन वाळवलं. आता भिंतीवर सरळ टांगलं की १० मिनिटांत थांबतं, आणि डावी बाजू बोटभर खाली केली की दिवसभर चालतं! सरळ असताना आवाजच लंगडा येतो, टिक-टॉक... टिक-टॉक... म्हणजे लंबकाला ढकलणारी काडी किंचित वाकवून टिक आणि टॉकमधलं अंतर समान करायचं, एवढं कळतंय. पण कुठल्या बाजूला? आणि वाकवताना मोडली तर?

शिवाय मागच्या प्लेटमधलं एक भोक झिजून लांबट झालंय, चाकाचा आस त्यात डुलतो. नवं बुश (भोकात बसवायची बारीक नळी) लागेल. उद्यमनगरात एका लेथवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "पाण्याच्या मोटरीचं बुश सांगा, लगेच देतो." एवढं बारीक काम कोल्हापुरात कोण करतं? गुजरीतल्या सोनारकामाच्या कारागिरांना विचारू का?

तेल कोणतं घालू? शेजारचे काका खोबरेल म्हणतात. ते थंडीत गोठतं, तेव्हा ते सोडून सांगा. मुख्य स्प्रिंगला मी हात लावलेला नाही, लावणारही नाही.