१९९०ची 'द फ्लॅश' : वेळेचा घोळ

अतिवेगाने धावणाऱ्या सुपरहिरोची ही अमेरिकी मालिका सुमार होती म्हणून २२ भागांत आटोपली, असं एक मत आहे; ते पटत नाही. सीबीएस वाहिनीने ती गुरुवारी रात्री ८ला लावली. समोर एनबीसीवर 'द कॉस्बी शो' आणि फॉक्सवर 'द सिम्पसन्स'! मग वेळ बदलत राहिली, आखाती युद्धाच्या बातम्यांनी भाग मागे पडले. नियमित प्रेक्षक टिकणार कसा? त्यात खर्च अफाट. फ्लॅश झालेल्या जॉन वेस्ली शिपचा पोशाख फोम लेटेक्सचा, म्हणजे स्पंजच : घाम शोषून जड होतो, लवकर खराबही होतो.

सगळं बघायला वेळ नसेल तर मार्क हॅमिलने रंगवलेल्या ट्रिकस्टर या खलनायकाचे दोन भाग बघाच. दुसरा म्हणजेच मालिकेचा शेवटचा भाग. २०१४च्या नव्या 'द फ्लॅश' मालिकेत हॅमिल याच भूमिकेत परतला, शिप मात्र बॅरीचा, म्हणजे फ्लॅशचा, बाप झाला.