मदत हवी आहे : चिनी भाषक विद्यार्थ्यांना इंग्रजी लेखनातील विरामचिन्हे आणि कॅपिटल अक्षरे कशी शिकवावीत?

मंदारमाला
नमस्कार. मी मेलबर्नच्या बॉक्स हिल भागात राहते आणि दर शनिवारी येथील एका वाचनालयात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी लेखनाचा वर्ग घेते. वर्गातील बहुतेक सर्व जण चिनी भाषक आहेत. त्यांचे बोलणे समजते, शब्दसंग्रहही बरा आहे. परंतु लिहिलेला परिच्छेद हातात घेतला की दुरुस्ती कोठून सुरू करावी हेच कळेनासे होते. संपूर्ण परिच्छेदात स्वल्पविरामच स्वल्पविराम असतात आणि पूर्णविराम थेट शेवटी एकच येतो. स्वल्पविरामानंतर जागा सोडलेली नसते, कॅपिटल अक्षरे हवी तेथे नसतात आणि ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या प्रत्येक वाक्यात पुढे ‘बट’ येतोच. नियम फळ्यावर लिहून झाले, वह्या लाल शाईने भरून झाल्या, तरी पुढच्या आठवड्यात तेच दिसते. येत्या शनिवारपूर्वी काही ठोस उपाय हवा आहे. ‘सराव करून घ्या’ एवढेच कृपया कोणी सांगू नये, कारण सराव चालूच आहे.

रेवाकाठ
आपण विद्यार्थ्यांचे वय सांगितलेले नाही, ते हाताने लिहितात की फोनवर हे सांगितलेले नाही आणि ते मुख्य भूमीवरील चीनमधून आलेले आहेत की तैवान किंवा हाँगकाँगमधून, हेही लिहिलेले नाही. या तीन गोष्टी कळल्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजाने दिलेला ठरेल. शक्य असल्यास एखाद्या विद्यार्थ्याची दोन-तीन वाक्ये नाव न देता जशीच्या तशी येथे उतरवावीत.

गणेश_ठाणे
आयईएल्ट्‌सच्या लेखन परीक्षेत दुसऱ्या निबंधाला पहिल्यापेक्षा दुप्पट गुण असतात आणि त्यासाठी किमान २५० शब्द लिहावे लागतात. म्हणून वेळेचे नियोजन आधी शिकवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या भाचीने त्याच पद्धतीने तयारी केली होती.

मंदारमाला
गणेशजी, या वर्गातील कोणालाही परीक्षा द्यायची नाही. रेवाकाठ, विद्यार्थी म्हणजे नातवंडांना सांभाळण्यासाठी मुलांकडे आलेले आजी-आजोबा आहेत. बहुतेक साठीच्या पुढचे. वर्गात ते वहीत लिहितात आणि गृहपाठ फोनवरून पाठवतात. दोघे तैवानचे आहेत, बाकीचे मुख्य भूमीवरून आले आहेत. एका आजींचा मजकूर असा : ‘आय गेट अप ॲट सिक्स, आय गो टू मार्केट, द फिश इज व्हेरी फ्रेश, आय बाय टू, माय ग्रँडसन लाइक फिश, ही ईट ऑल.’ शेवटचा पूर्णविरामसुद्धा टिंब नसून लहानसे पोकळ वर्तुळ होते.

अनुस्वार
मी काही वर्षे चीनमधील छंग्दू येथे राहून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे या आजींचा परिच्छेद मला अगदी ओळखीचा वाटतो. त्यांच्या भाषेच्या नियमांनी पाहिले तर तो बरोबर आहे. चिनी लेखनात एकाच विषयाला धरून चाललेली लहान लहान विधाने स्वल्पविरामांनी जोडत नेतात आणि तो विषय संपला की मगच पूर्णविराम देतात. बाजार, मासे आणि नातू हे त्यांच्या लेखी एकच कथन आहे. इंग्रजीत मात्र कर्ता आणि क्रियापद यांची एक जोडी पूर्ण झाली की तेथे पूर्णविराम द्यावा लागतो किंवा जोडणारा शब्द घालावा लागतो. हा फरक एकदा तोंडी समजावून सांगितल्याशिवाय लाल शाईचा काहीही उपयोग होणार नाही, कारण विद्यार्थ्याला स्वतःचे वाक्य अपूर्ण किंवा लांबलेले वाटतच नाही.

मी वर्गात असे करीत असे : परिच्छेदातील सर्व विरामचिन्हे पुसून टाकायची, प्रत्येक क्रियापदाभोवती गोल करायचा, त्याचा कर्ता अधोरेखित करायचा आणि जोड्या मोजायच्या. आजींच्या मजकुरात अशा सहा जोड्या आहेत. मग त्यांनाच विचारावे की कोणत्या दोन जोड्या ‘अँड’ किंवा ‘बिकॉज’ने जोडता येतील. ‘आय बाय टू बिकॉज माय ग्रँडसन लाइक्स फिश’ हे वाक्य त्या स्वतःच तयार करतील आणि उरलेल्या ठिकाणी पूर्णविराम आपोआप येतील.

जागा सोडण्याविषयीही थोडे सांगतो. चीनमध्ये शाळेत निबंध चौकटीच्या कागदावर लिहितात. प्रत्येक अक्षराला एक घर आणि विरामचिन्हालाही बहुधा स्वतंत्र घर असते. परिच्छेद सुरू करताना दोन घरे मोकळी सोडतात, पण दोन शब्दांमध्ये मोकळे घर कधीच नसते. स्वल्पविराम स्वतःची जागा घेऊनच येत असल्याने त्याच्यापुढे आणखी जागा सोडायची असते, ही कल्पनाच त्यांना नवी असते. त्यांना चार रेघांची इंग्रजी वही द्यावी आणि दोन शब्दांमध्ये, तसेच स्वल्पविराम व पूर्णविराम यांच्यानंतर, करंगळीच्या रुंदीएवढी जागा सोडायला सांगावे.

संगणकमित्र
एवढा खटाटोप कशासाठी करावा, हे मला समजत नाही. फोनमध्ये लेखन तपासणारे एखादे अ‍ॅप घालून द्यावे, म्हणजे स्वल्पविराम, कॅपिटल अक्षरे आणि जागा या सर्व गोष्टी आपोआप दुरुस्त होतील. पोकळ वर्तुळाचे कारण तर अगदी साधे आहे : आजी पिनयिन कीबोर्ड, म्हणजे रोमन अक्षरांतून चिनी लिहिण्याचा कीबोर्ड, चालू ठेवूनच इंग्रजी शब्द लिहीत आहेत. त्या कीबोर्डवरून येणारी विरामचिन्हे चिनी पद्धतीची, पूर्ण अक्षराच्या रुंदीची असतात. फोनवर पृथ्वीगोलाचे चिन्ह दाबून इंग्रजी कीबोर्ड निवडला की प्रश्न मिटतो. संगणकावर मायक्रोसॉफ्ट पिनयिन असेल तर शिफ्ट दाबून इंग्रजीकडे वळता येते आणि केवळ विरामचिन्हे बदलायची असतील तर कंट्रोल आणि टिंब या कळा एकत्र दाबाव्यात.

अनुस्वार
कीबोर्डविषयीची आपली माहिती उपयुक्त आहे आणि ताईंनी ती वर्गात अवश्य दाखवावी. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही. दवाखान्यातला किंवा नातवाच्या शाळेतला फॉर्म हाताने भरताना कोणतेही अ‍ॅप मदतीला येत नाही आणि या मंडळींना लिहायचे असते ते मुख्यतः तेथेच. शिवाय अ‍ॅप चिन्ह बदलून देते. वाक्य कोठे संपले हे माणसाला कळले की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

संगणकमित्र
साठीच्या पुढच्या माणसांना कर्ता-क्रियापदाच्या जोड्या मोजायला लावणे हे मला अन्यायाचे वाटते. त्यांना व्यवहारापुरते लिहिता आले तरी पुरे आहे.

मोडीवाचक
थोडे विषयांतर करतो, त्याबद्दल क्षमस्व. विरामचिन्हांची आजची पद्धत चिनी लेखनातही तशी अलीकडचीच आहे. चिनी विचारवंत हू शृ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये नव्या विरामचिन्हांचा प्रस्ताव मांडला आणि १९२० मध्ये तेथील शिक्षण मंत्रालयाने ती लागू केली. आपल्याकडे मोडीत शब्दही सुटे लिहीत नसत आणि मराठीतील आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांतून रूढ झाली. म्हणजे दोन्ही भाषांनी ही चिन्हे पाश्चात्त्य लेखनातून घेतली आणि आपापल्या वाक्यरचनेला जुळवून घेतली. हे वर्गात सांगितल्यास विद्यार्थ्यांच्या मनातील संकोच कमी होईल, असे मला वाटते.

रेवाकाठ
आता चित्र स्पष्ट झाले. ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ यांच्या बाबतीत मराठी शिक्षकाला हे दुखणे आतून समजू शकते. चिनी भाषेत ‘स्वेइरान’ (जरी) आले की पुढे ‘दानशृ’ (पण) येते, ‘यिनवेइ’ (कारण) आले की ‘स्वोयी’ (म्हणून) येते. आपणही ‘जरी पाऊस पडत होता, तरी मी गेले’ असे दोन्ही टोकांना शब्द ठेवूनच म्हणतो. इंग्रजीत या जोडीतला एकच शब्द राहतो. म्हणून दोन कागदी पट्ट्यांवर ‘ऑल्दो’ आणि ‘बट’ लिहाव्यात आणि एका वाक्यासाठी त्यांतील एकच पट्टी उचलू द्यावी. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचेही तसेच करावे. नियमाचे नाव सांगण्याची गरज भासणार नाही.

कॅपिटल अक्षरे चिनी लिपीत नाहीत, तशी देवनागरीतही नाहीत. त्यामुळे ती लक्षात ठेवण्यासाठी विद्यार्थ्याला कारण हवे असते. वार आणि महिने यांवर विशेष वेळ द्यावा. चिनी भाषेत सोमवार म्हणजे ‘आठवडा एक’ आणि जानेवारी म्हणजे ‘महिना एक’. ती नावे नसून क्रमांक आहेत, आणि क्रमांकाला कॅपिटल अक्षर का द्यावे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. इंग्रजीत ती व्यक्तीच्या नावासारखी विशेषनामे मानली जातात, हे एका वाक्यात सांगितल्यास पुरेसे आहे.

संगणकमित्र, व्यवहारापुरते लिहिण्याविषयी आपण म्हणता ते मान्य आहे, पण व्यवहारात पहिली अडचण स्वतःच्या नावाचीच येते. मुख्य भूमीवरील पद्धतीप्रमाणे पिनयिनमध्ये आडनाव आधी येते आणि दोन अक्षरांचे नाव जोडून, एकच कॅपिटल अक्षर देऊन लिहितात. जसे ‘वांग’ वेगळे आणि ‘श्योलान’ एकत्र. ‘श्यो’ आणि ‘लान’ सुटे लिहिले की फॉर्म वाचणारा ‘लान’लाच आडनाव समजतो. तैवानमध्ये नावाच्या दोन अक्षरांमध्ये बहुधा जोडरेघ देतात, म्हणून त्या दोघांना पासपोर्टवर आहे तसेच लिहायला सांगावे.

मंदारमाला
रेवाकाठ आणि अनुस्वार, मनापासून आभार. वय विचारले तेव्हा त्याचा येथे काय संबंध, असे वाटले होते. फॉर्म आणि नावे यांविषयी वाचल्यावर तो समजला. या शनिवारी आजींचा माशांचा परिच्छेदच चिन्हे काढून फळ्यावर लिहीन, त्यांची परवानगी घेऊन. पट्ट्या आजच कापून ठेवते. एक शंका उरते. तैवानच्या एका आजोबांच्या गृहपाठात स्वल्पविराम ओळीच्या खाली न येता अक्षरांच्या मधोमध तरंगताना दिसतो. तोही कीबोर्डचाच दोष समजावा का?

संगणकमित्र
बहुतेक होय. तैवान आणि हाँगकाँगच्या छपाईत स्वल्पविराम आणि पूर्णविराम घराच्या मध्यभागी बसवतात, मुख्य भूमीवर ते खालच्या डाव्या कोपऱ्यात असतात. आजोबांच्या फोनवर पारंपरिक चिनीचा, बहुधा झुयिन, म्हणजे तैवानमधील ध्वनिचिन्हांचा, कीबोर्ड असावा. त्यांचा फोन आयफोन आहे की अँड्रॉइड, आणि इंग्रजी कीबोर्ड त्यात आधीपासून जोडलेला आहे का, हे पाहून कळवावे. म्हणजे कोठे काय दाबायचे ते क्रमाने लिहून देता येईल.