'डिस्क्लोजर डे'मध्ये यान दिसणार का? आणि मुळात दिसावं का?

निशाचर (धागाकर्ता)

१२ जून २०२६ ला स्पीलबर्गचा परग्रहवासीयांवरचा सिनेमा 'डिस्क्लोजर डे' येतोय. कथा त्याचीच, पटकथा डेव्हिड केपची, संगीत जॉन विल्यम्सचं. डिसेंबरात पहिला टीझर आला तेव्हापासून चाहतेमंडळी एकेक फ्रेम थांबवून त्यात यान शोधत बसली आहेत. ढगात जरा सावली दिसली की त्याभोवती लाल गोल मारलाच म्हणून समजा. कुणाला तबकडी हवीय, कुणाला काळा त्रिकोण.

माझं म्हणणं सरळ आहे. यान जवळपास दिसणारच नाही, आणि दिसूही नये.

टीझरमधली सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट आठवा. एमिली ब्लंट कॅन्सस सिटीतल्या वाहिनीवर हवामानाच्या बातम्या देतेय आणि बोलता बोलता तिच्या घशातून कटकट, टकटक असे आवाज यायला लागतात. थेट प्रक्षेपण चालू असताना! स्पीलबर्गच्याच १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये बोलायचं काम यान करायचं. माणसांनी पाच सूर वाजवले की ते ट्यूबाच्या आवाजात उत्तर द्यायचं, आणि त्या दणक्याने निरीक्षण कक्षाची काच फुटायची. इथे तोच आवाज थेट माणसाच्या तोंडात आणून बसवलाय. मग यानाला काम काय उरलं?

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. 'क्लोज एन्काउंटर्स'ची सुधारित आवृत्ती काढायला १९८० मध्ये कोलंबिया या चित्रपट कंपनीने पैसे दिले, पण एका अटीवर: नायक यानात शिरल्यावर आत काय आहे ते दाखवायचं. स्पीलबर्गने दाखवलं. पुढे त्यानेच सांगितलं की ते कधीच दाखवायला नको होतं, आणि १९९८ च्या आवृत्तीतून तो भाग उडवून टाकला. हा धडा घेतलेला माणूस एकोणऐंशीव्या वर्षी पुन्हा तेच करेल असं मला वाटत नाही. त्याचाच 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (२००५) घ्या, लेखकांत हाच केप. त्यात यंत्रं आधीपासून जमिनीत पुरलेली, आणि चालवणारे विजेबरोबर खाली उतरतात. आकाशात यान असं नाहीच.

---

पडदाप्रेमी

निशाचरराव, तुम्ही म्हणताय तो सिनेमा नाही, श्रुतिका झाली.

'क्लोज एन्काउंटर्स'चा शेवट आठवा. डेव्हिल्स टॉवरच्या मागून ते यान वर येतं आणि डोंगरच लहान वाटायला लागतो. लोक तिकीट काढून त्या क्षणासाठी गेले होते. १९८० चा दाखला तुम्ही चुकीच्या ठिकाणी लावताय. त्याला पस्तावा झाला तो यानाचं पोट दाखवल्याचा, यान दाखवल्याचा नाही. बाहेरचं यान १९९८ मध्येही जसंच्या तसं आहे, एक बल्ब कमी केलेला नाही.

आणि ते यान बनलं कसं हे वाचलंत तर 'दाखवू नका' म्हणायची हिंमत होणार नाही. स्पेशल इफेक्ट्सवाल्या डग्लस ट्रंबुलच्या माणसांनी मॉडेल धुराने भरलेल्या खोलीत ठेवून चित्रित केलं, म्हणून त्या दिव्यांना ते दाट, पसरट तेज आहे. ढग म्हणजे पाण्याच्या टाकीत सोडलेला रंग. ग्रेग जाइनच्या मॉडेलवर कारागिरांनी गंमत म्हणून काय काय चिकटवलंय: 'स्टार वॉर्स'मधला आर-टू-डी-टू रोबो उलटा, टपालपेटी, छोटी दफनभूमी. आजही ते स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयात ठेवलेलं आहे. आणि तुम्ही म्हणे यान नको!

---

खोपोलीकर

एवढी चर्चा झाली आणि आमच्या तालुक्याचं नाव नाही? निषेध!

'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये हजारो लोक टेकडीवर बसून ते पाच सूर गात असतात. आवाज कुठून आला विचारल्यावर सगळे एकदम बोटं वर करतात. सिनेमात ते उत्तर भारतात घडतं, पण चित्रीकरण झालं खालापूरजवळच्या हाळ गावात, १९७७ च्या सुरुवातीला. सिनेमात काम करणारा फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्सवा त्रुफो स्वतः तिथे होता. त्यातली बरीचशी बोटं आपल्या रायगडातली आहेत. (तेव्हाचा कुलाबा जिल्हा, हे माहीत आहे, कुणी दुरुस्त करायला येऊ नका.)

आता मुद्द्याचं. त्या यानाची कल्पना स्पीलबर्गला याच दौऱ्यात सुचली. मुंबईबाहेर रात्री एक तेलशुद्धीकरण कारखाना दिसला: नळ्या, मनोरे आणि त्यांवर हजारो दिवे. त्यात नंतर लॉस एंजेलिसच्या दरीतले रात्रीचे दिवे मिसळले. म्हणजे जगातलं सगळ्यात गाजलेलं परग्रही यान हे अर्धं चेंबूर-माहुल आहे. म्हणून माझं मत पडदाप्रेमींना. ज्याला रिफायनरीत यान दिसतं त्याला न दाखवता राहवणार नाही.

---

कोरडी_हवा

खोपोलीकर, हाळ मान्य. रिफायनरीची गोष्ट स्पीलबर्गने सांगितली आहे, पण चेंबूर-माहुल तुम्ही घातलंत. बाकी चालू द्या.

---

खोपोलीकर

ताई, १९७७ मध्ये मुंबईच्या आसपास दिव्यांनी लखलखणारे असे तेलाचे कारखाने दुसरे कुठे होते ते सांगा, लगेच मागे घेतो.

---

सत्यशोधक_५१

तुम्ही सगळे यानाच्या आकारावर भांडताय आणि हा सिनेमा आत्ताच का येतोय हे कुणी विचारत नाही.

२६ जुलै २०२३ ला डेव्हिड ग्रश हा माजी गुप्तचर अधिकारी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगतो की सरकारकडे कोसळलेली यानं आहेत. १ जुलै २०२५ ला ३आय/अ‍ॅटलस सापडतो, आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेली आजवरची तिसरी वस्तू. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅव्ही लोब म्हणतात की ती कृत्रिम असण्याची शक्यता तपासा. ती पृथ्वीच्या सगळ्यात जवळून जाते १९ डिसेंबरला. आणि टीझर कधी येतो? १६ डिसेंबरला! लोकांची मनं तयार करण्याचं काम चाललंय. सिनेमातलं यान खऱ्या यानासारखंच असणार, २००४ मध्ये अमेरिकन नौदलाच्या वैमानिकांनी पाहिलं तसं. लिहून ठेवा.

---

कोरडी_हवा

लिहून ठेवलं. आता एकेक घेऊ.

ग्रश यांनी शपथेवर सांगितलं हे खरं, पण जे सांगितलं ते इतरांकडून ऐकलेलं. असं यान आपण स्वतः पाहिलं असा त्यांचा दावाच नाही. मार्च २०२४ मध्ये पेंटागॉनच्याच कार्यालयाचा अहवाल आला की परग्रही तंत्रज्ञानाचा कुठलाही पुरावा सापडलेला नाही. तुम्ही म्हणणार की ते लपवणारच. मग चर्चाच खुंटली.

३आय/अ‍ॅटलस 'सगळ्यात जवळ' आला तेव्हा साधारण २७ कोटी किलोमीटरवर होता, म्हणजे सूर्याच्याही पलीकडचं अंतर. तो धूमकेतू आहे हे नासाने नोव्हेंबरात पत्रकार परिषद घेऊन सांगितलं. त्याला वायूचं आवरण आहे, धूळ आहे. उन्हाळ्यातल्या सिनेमाचा टीझर डिसेंबरात येतो कारण नाताळात थिएटरं भरलेली असतात. एवढंच.

पण २००४ च्या घटनेबद्दल तुमच्याशी थोडी सहमत आहे, कारण ती आकाराच्या चर्चेत उपयोगी आहे. नौदलाचे वैमानिक डेव्हिड फ्रेव्हर यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रावर जे पाहिल्याचं सांगितलं ते असं: पांढरं, साधारण ४० फूट लांब, पंख नाहीत, खिडक्या नाहीत, धूर नाही. खाली पाणी मात्र खवळलेलं. पडद्यावर हे भयंकर कंटाळवाणं दिसेल. सर्दीची गोळी हवेत तरंगतेय असं दृश्य दोन तास कोण बघणार? स्पीलबर्गचं यान दिव्यांशिवाय असूच शकत नाही, आणि अशा गोळीछाप यानाला दिवेच नसतात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

---

सत्यशोधक_५१

नासा म्हणते म्हणून? बरं बरं. 🙂

---

गोदाकाठ

जरा वेगळं. यान किती दाखवायचं याचं उत्तम उत्तर सत्यजित राय यांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांची 'द एलियन' ही पटकथा कोलंबियाकडे होती, सिनेमा कधी झाला नाही. त्यात यान बंगालमधल्या एका खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात उतरतं आणि पाण्यावर फक्त त्याचं टोक दिसतं. गावकऱ्यांना वाटतं देऊळ वर आलं, ते पूजा सुरू करतात.  'ई.टी.' आल्यावर राय म्हणाले होते की माझ्या पटकथेच्या प्रती अमेरिकेत फिरल्या नसत्या तर हा सिनेमा झालाच नसता. स्पीलबर्गने ते नाकारलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण तळ्यातलं ते टोक मला डेव्हिल्स टॉवरवरच्या सगळ्या रोषणाईपेक्षा जास्त आवडतं, कारण यानाकडे बघणारी माणसं त्यात दिसतात.

---

निशाचर

गोदाकाठ, +१. मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट म्हणालात.

पडदाप्रेमी, 'बाहेरचं यान तसंच ठेवलं' हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे, पण १९७७ पुरता. तेव्हा तसलं यान कुणी पाहिलेलं नव्हतं. आज दर आठवड्याला ओटीटीवर एक शहराएवढं यान कुठल्या ना कुठल्या शहरावर येऊन थांबतं. संगणकावर आकार वाढवायला पैसे लागतात, कल्पना लागत नाही. आणि याच दोघांनी, स्पीलबर्ग आणि केप यांनी, यान मोकळेपणाने दाखवलं तेव्हा काय झालं ते आठवतं ना? २००८ चा इंडियाना जोन्स. शेवटी जमिनीतून भलीमोठी तबकडी गरगरत वर येते. तिच्यावर चाहते आजही खार खाऊन आहेत.

---

पडदाप्रेमी

ती तबकडी वाईट नव्हती, ती चुकीच्या सिनेमात होती. चाबूक आणि टोपीवाल्याच्या गोष्टीत तिचं काय काम? या सिनेमात मात्र ती घरची आहे.

आणि गोदाकाठ, राय यांचं टोक सुंदरच. पण त्यांनीही टोक दाखवलं होतं. निशाचर म्हणतात तेही दाखवू नका!

---

कोरडी_हवा

तिसरी शक्यता कुणीच बोलत नाही म्हणून मांडते. सिनेमा दडवलेलं उघड करण्याबद्दल असेल तर यान आकाशात कशाला हवं? ते हँगरमध्ये असेल. मोडकं, ताडपत्रीखाली, नंबर घातलेलं, शेजारी कुणाचा तरी जेवणाचा डबा. ऐंशी वर्षं कारकुनी हिशेबात पडून असलेलं. म्हणजे यान दिसेलही आणि उडणारही नाही.

---

पडदाप्रेमी

ताडपत्रीखालचं यान? आयमॅक्सचं तिकीट काढून मी सरकारी गोदाम बघायला जाऊ?

---

निशाचर

जाल, आणि दोनदा जाल. पैज लावता? उडतं यान सलग दोन मिनिटं पडद्यावर दिसलं तर पुढच्या शोची तिकिटं माझ्याकडून, खोपोलीकरांसकट. नाही दिसलं तर तुमच्याकडून.

---

पडदाप्रेमी

लागली. पण ट्रेलरमधली मिनिटं धरायची नाहीत, आणि स्वप्नात दिसलं तर तेही धरायचं.

---

खोपोलीकर

मी दोन्ही बाजूंनी आहे. वरची रांग, मधल्या खुर्च्या बघा.