डार्विन दिनाचा फेरफटका: अंतरं आणि चिखल

डार्विनच्या जन्मदिवशी, 12 फेब्रुवारीला, तो राहायचा त्या लंडनच्या टोकाच्या डाऊन गावी (पूर्वी केंटमध्ये) फेरफटका काढायचा, वाटेत उत्क्रांतीच्या टप्प्यांच्या पाट्या सारख्या अंतरावर लावायच्या आणि मानवतावादावर बोलायचं, असं कुणीतरी सुचवलंय. सारखं अंतर नको, सगळी गंमतच जाते. 1 मीटर = 10 लाख वर्षं धरा. पृथ्वीचं वय 460 कोटी, म्हणजे 4.6 किमी. डार्विनच्या बागेतल्या सँडवॉकची, म्हणजे तो रोज फिरायचा त्या वाटेची, फेरी साधारण 400 मीटरची, तेव्हा साडेअकरा फेऱ्या. मोजायला तो चकमकीचे दगड रचून दर फेरीला एक उडवत असे. तुम्हीही तेच करा, नाहीतर सातवी की आठवी यावर वाद ठरलेला. कॅम्ब्रियनची (प्राण्यांचे बहुतेक मुख्य गट दिसू लागले तो काळ) पाटी शेवटापासून 540 मीटरवर, डायनोसॉरांचा अंत 66 मीटरवर. आपली प्रजाती शेवटच्या 30 सेंटिमीटरमध्ये, म्हणजे जमिनीवर ठेवलेली एक फूटपट्टी. मानवतावादावर बोलायचं तर तिथेच, सगळ्यांना वाकायला लावून, आणि पाच मिनिटांत!

ऑर्किडची आशा मात्र सोडा. डाऊन बँक या जवळच्या उतारावर ती बहुतेक मे-जूनमध्ये फुलतात. खाली खडूचा खडक असला तरी वर चिकणमाती आणि दगड, त्यामुळे आसपासच्या पायवाटांवर बूट रुततात. घोट्यापर्यंतचे घाला. सँडवॉक डाऊन हाऊसच्या, म्हणजे डार्विनच्या घराच्या, आवारात येतो, तिकीट लागतं. हिवाळ्यात ते रोज उघडं नसतं, म्हणून आधी वार बघा, मग तारीख ठरवा.