विषय: लहान मुलांचा प्रिसेप्टर (क्लिनिकमध्ये हाताखाली घेऊन शिकवणारा) हवाय, तातडीने!

मंडळी,
कोजागिरीला मसाला दूध हातात असताना ज्यांना ज्यांना गाठलं, त्यांची आधी माफी. एफएनपीच्या (फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासणारी नर्स) ७५० प्रॅक्टिकल तासांपैकी मोठ्यांचे आणि बायकांचे झाले, मुलांचे राहिलेत. मास्टर्स ऑनलाइन, लेक्चरं रात्रपाळीहून आल्यावर ऐकता येतात. पण प्रिसेप्टर मात्र आपला आपण शोधायचा! क्वीन्सच्या एक डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, तर युनिव्हर्सिटी नाही म्हणते. जर्सीत कोणी आहे का? जानेवारीच्या टर्मआधी युनिव्हर्सिटीचा क्लिनिकशी करार व्हायला हवा.
– जर्सी सिटीची वहिनी

युनिव्हर्सिटीला सांगा, जर्सीचं नर्सिंग लायसन्स आता कॉम्पॅक्टचं आहे, म्हणजे त्या करारातल्या इतर राज्यांतही चालतं. माझी पुतणी त्यावर पेनसिल्व्हेनियात काम करते. क्वीन्स तर ट्रेनने तासाभरावर!
– नाना

नाना, ट्रेन जाते हो, लायसन्स जात नाही. न्यूयॉर्क कॉम्पॅक्टमध्ये नाहीच. तिथलं आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स वेगळं काढावं लागतं, वर बाहेरच्या राज्यातल्या कोर्सला तिथल्या शिक्षण खात्याची मंजुरी लागते. माझी अख्खी टर्म यातच गेली. वहिनी, पैसे घेऊन प्रिसेप्टर जुळवणाऱ्यांकडे लगेच धावू नका. युनिव्हर्सिटीला ते चालतं का, आधी लेखी घ्या.
– एडिसनची ताई

ही लिस्ट मंडळाच्या सूचनांसाठी आहे. नोकरी-शिक्षणासाठी वेगळी लिस्ट काढायचं मार्चच्या सभेत ठरलंय. फराळाची कुपनं शनिवारपर्यंत घ्यावीत.
– खजिनदार

ठरलंय खरं, काढणार कोण? तुमच्या मेहुण्याची होंडा याच लिस्टवर विकली गेली. आणि कुपनात चकली आहे की गेल्या वर्षीसारखी नुसती शेव?
– वुडब्रिज

ते राहू द्या. ऑनलाइन शिकून पेशंट तपासणार? आमच्या वेळी केईएमला वॉर्डातल्या सिस्टर...
– नाना

म्हणून तर ते तास, नाना! परीक्षाही वर्गात शिकलेल्यांचीच देते मी.
– वहिनी

वहिनी, आमच्या हिच्या क्लिनिकमध्ये मंगळवार-गुरुवार जागा होईल. मुलंच येतात. पण ही नर्स प्रॅक्टिशनर आहे, डॉक्टर नाही. चालेल का ते विचारा. कराराचा मसुदा लवकर पाठवा, मालकांचा वकील तीन-तीन आठवडे कागद दाबून ठेवतो. पुढचं फोनवर बोलू, खजिनदार रागावतील.
– पिस्कॅटवेचे काका

रागावलो नाही. चकली आहे.
– खजिनदार