पावसाची 'शक्यता' आणि गणितातली 'संभाव्यता': एकच का?

परभणीकर: "उद्या मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." यातली शक्यता म्हणजे किती? दहावीच्या बीजगणितातली 'संभाव्यता' ती हीच का?

देगलूरकर: नाही. 'शक्यता' असते किंवा नसते; फार तर दाट किंवा धूसर. 'संभाव्यता' हे माप आहे, 0 ते 1 मधला आकडा. म्हणून 'शक्यता नाही' चालतं, पण 'संभाव्यता नाही' खटकतं. तिथं 'संभाव्यता शून्य' म्हणायचं.

"येईल नाहीतर नाही येणार, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी" हा हिशोब मात्र चूक. अनुकूल निष्पत्ती (आपल्याला हवे ते निकाल) भागिले एकूण निष्पत्ती हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे सगळ्यांची संभाव्यता सारखीच, असतील तरच लागू. फाशावर 3 पडणं 1/6. तिथंही 'पडेल किंवा नाही' असे दोनच पर्याय दिसतात, म्हणून ते 1/2 होत नाही.

अंबाजोगाईकर: त्या बातमीत दोन मापं एकत्र आलीत. 'तुरळक ठिकाणी' हे जागेचं माप. हवामान खात्याच्या भाषेत त्या विभागातल्या जास्तीत जास्त 25 टक्के केंद्रांवर पाऊस. 26 ते 50 म्हणजे 'काही ठिकाणी', त्यापुढं 75 पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. 'शक्यता' हे खात्रीचं माप. खात्याच्या पत्रकात 25 ते 50 टक्क्यांना 'लाइकली', 50 ते 75 ला 'व्हेरी लाइकली'. मराठीत दोन्हींची नुसती 'शक्यता' झाली की टक्का गळून पडतो. किमान 'दाट शक्यता' तरी लिहा राव.

आणि पावसाची शक्यता 30 टक्के म्हणजे दिवसातला 30 टक्के वेळ नव्हे. असा अंदाज दिलेल्या 100 दिवसांपैकी साधारण 30 दिवस पाऊस पडला, तर अंदाज बरोबर. एका कोरड्या दिवसावरून तो खोटा ठरत नाही.

जालनेकर: बियाण्याची उगवणशक्ती हीसुद्धा संभाव्यताच, फक्त मोजून काढलेली. ओल्या गोणपाटावर सोयाबीनच्या दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. 70 निघाले तर 0.7. पेरणीला एकरी 30 किलो बियाण्याचा हिशोब याच 70 टक्क्यांवर बेतलेला. 60 निघाले तर 30 × 70 ÷ 60, म्हणजे 35 किलो. दहाच बिया ठेवून निकाल लावू नका. शंभरावरही खऱ्या 70 च्या जागी 61 किंवा 79 निघू शकतात, म्हणून तीन-चार वेळा चाचणी घेऊन सरासरी काढा.

परभणीकर: मग टोकणीत एका जागी दोन बिया टाकल्या तर दोन्ही वाया जाण्याची संभाव्यता 0.3 × 0.3, म्हणजे 9 टक्केच ना?

जालनेकर: गुणाकार बरोबर, पण तो 'स्वतंत्र घटनां'साठी. एक बी सदोष निघालं म्हणून शेजारचं सदोष नसतं, तोवर ठीक. पेरणीवर जोराचा पाऊस पडून वर कडक ऊन पडलं आणि जमिनीनं पपडी धरली, की दोन्ही कोंब एकत्रच अडकतात. तिथं 9 टक्के धरून चालणार नाही.

देगलूरकर: 'पावसाचा नेम नाही' यालाही कुणी 50 टक्के समजू नये. 'नेम नाही' म्हणजे आकडाच धरता येत नाही.

परभणीकर: म्हणजे बातमीत 'संभाव्यता 40 टक्के' लिहायचं?

अंबाजोगाईकर: बातमीत 'शक्यता 40 टक्के' सगळ्यांना कळतं. आकडा जोडला की 'शक्यता'ही मापाचं काम करते.

देगलूरकर: हे मान्य. गणिताच्या वहीत मात्र 'संभाव्यता'च.